कंपनीतून संस्थेकडे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कंपनीतली नोकरी सोडून सामाजिक संस्थेत जाऊ पाहणाऱ्या गोव्यातल्या वाचकांची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत. बहुतेक पत्रांत 'समाजासाठी काहीतरी करायचं आहे' हे वाक्य आहे आणि ते खरंच असणार. त्यामुळे त्यावर न रेंगाळता पैसा, कागद आणि काम या तीन गोष्टींवर बोलू.

वेर्ण्यातल्या औषध कंपनीत खरेदी विभागात आहे. वय ४१, नोकरी ११ वर्षं ७ महिने, मूळ पगार ४८ हजार, हातात १ लाख १५ हजार. पत्नी शिक्षिका, तिचे ३८ हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता ३१ हजार, अजून १२ वर्षं, शिल्लक २८ लाख. शिक्षणक्षेत्रातली एक संस्था ४२ हजारांवर बोलावते आहे. परवडेल का? (फोंडा)

तुमच्या पत्रातला महिन्याचा खर्च असा दिसतो: हप्ता ३१ हजार, मुलांची शाळा-शिकवणी ९, किराणा-बाजार-वीज २४, पेट्रोल ६, आईवडिलांची औषधं ५, विम्यासाठी बाजूला ५. बेरीज ८० हजार. पत्नीचे ३८ आणि तुमचे ४२ मिळूनही ८० हजारच. कागदावर जमलं, पण वर्षातून एकदा येणारे खर्च यात नाहीत. जूनमधली शाळेची फी, चवथ, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, घरपट्टी, नात्यातली दोन लग्नं धरून दीड लाख तरी लागतात. आजवर हे सगळं बोनसमधून निभावत होतं. संस्थेत बोनस नसतो. म्हणजे महिन्याला साडेबारा हजारांचा खड्डा आहेच, तो आजच मान्य करा.

शिवाय संस्थेचा पगार अनुदानावर चालतो. एक अनुदान संपून दुसरं सुरू होईपर्यंत दोनतीन महिने पगार अडकणं या क्षेत्रात नवलाचं नाही. म्हणून सहा महिन्यांचे ४२ हजार, म्हणजे २ लाख ५२ हजार, आणि वर्षाचे दीड लाख, असे ४ लाख रुपये बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. शेअर फंडात नको. पगार अडकतो त्याच महिन्यात बाजार पडलेला असला तर तोट्यात विकावं लागतं.

हे ४ लाख कुठून? तुमची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, हिशेबाने ४८,००० × १५ ÷ २६ × १२, म्हणजे ३ लाख ३२ हजार ३०८ रुपये होते. सात महिने सहा महिन्यांवर गेल्यामुळे पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १२. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरचा भाग वेतनात मिळवून ग्रॅच्युइटी काढायची असते. तुमच्या बाबतीत तसंच दिसतं, तेव्हा रक्कम वाढू शकते. एचआरकडून लेखी आकडा मागा. साठलेल्या रजेचे पैसे वेगळे मिळतील. खासगी नोकरी सोडताना मिळणारी ही रक्कम आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करमुक्त आहे.

या पैशांतून कर्ज फेडून मोकळं व्हायचा मोह होईल. थांबा. साडेआठ टक्क्यांनी २८ लाखांतले ३ लाख भरले तर हप्ता जेमतेम ३,३०० रुपयांनी उतरतो. तेच ३ लाख हाताशी असले तर सात महिन्यांचा पगार झाला. पहिलं वर्ष पार पडू द्या, मग भरा. आणि भराल तेव्हा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायला लेखी सांगा. न सांगितल्यास बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. त्यात व्याज वाचतं खरं, पण दर महिन्याची ओढाताण तशीच राहते.

राजीनाम्याआधीची आणखी तीन कामं. कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल किंवा वाढीव कर्ज घ्यायचं असेल तर पगाराच्या चिठ्ठ्या चालू असताना उरका, नंतर तीच बँक तुम्हाला ओळखणार नाही. बोनस कोणत्या तारखेला नोकरीत असणाऱ्यांना मिळतो ते कंपनीच्या धोरणात पाहून मगच नोटिशीची तारीख ठरवा. आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. वीसपेक्षा कमी माणसांच्या संस्थेत तो बहुधा नसतोच. तरीही जुनं खातं राहू द्या, ५८ वर्षांपर्यंत व्याज मिळत राहतं. नोकरी सुटल्यानंतरचं व्याज मात्र करपात्र असतं. निधीबरोबरच्या पेन्शन योजनेत तुमचं नाव असेल तर दहा वर्षं भरल्यामुळे पेन्शनचा हक्क पक्का झाला आहे.

कंपनीच्या गटविम्यात आईवडील आहेत, वडिलांना मधुमेह. नोकरी सोडली की काय? (मडगाव)

शेवटच्या दिवशी संरक्षण संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येतं आणि आधीचा प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. अर्ज मात्र नोकरीत असताना, शेवटच्या दिवसाच्या किमान ४५ दिवस आधी, लेखी द्या. एचआरला फोनवर सांगून भागत नाही. कोरी नवी पॉलिसी घेतलीत तर मधुमेहासारख्या आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हप्ता भारी पडेल, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही काढून ठेवा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. फक्त या कार्डावर विसंबू नका, कारण ठरलेल्या यादीतल्या उपचारांपुरतंच ते चालतं.

नोकरीला ४ वर्षं ९ महिने झाले. पुढच्याच आठवड्यात राजीनामा देते आहे. काही सूचना? (म्हापसा)

राजीनामा द्या, पण नोटीस पूर्ण भरा. नोटिशीचा काळ नोकरीतच मोजतात. तुमची नोटीस ९० दिवसांची असेल तर ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं भरण्याइतका वेळ त्यात जेमतेम बसतो, नेमणूकपत्रावरची तारीख धरून दिवस मोजा. कमी पडत असले तर शेवटचा दिवस पुढचा मागून घ्या. पैसे भरून लवकर सुटलात तर ते दिवस मिळत नाहीत आणि ग्रॅच्युइटीवर वाद होतो. मूळ पगार ४० हजार असेल तर हा प्रश्न १ लाख १५ हजारांचा आहे. पाच वर्षांच्या आत भविष्य निर्वाह निधी काढला तर तोही करपात्र होतो, हे दुसरं कारण.

आयटीत आहे, वय २९, पर्वरीहून घरूनच काम करते. समाजकार्याची पदवी नाही. आधी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू का? आणि संस्था इतका कमी पगार का देतात? (पर्वरी)

पदवी कोणत्या कामाला लागते ते आधी पाहा. बालगृहं, बाल संरक्षण कक्ष, सरकारी योजनेतून भरली जाणारी समुपदेशकाची पदं, इथे समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदवी मागतात आणि ते योग्यच आहे. हिशेब, माहितीची मांडणी, निधी उभारणी, मनुष्यबळ, अहवाललेखन यांना ती लागत नाही. मानसिक आरोग्यात १९९६ पासून काम करणाऱ्या इथल्या संगाथ संस्थेने तर प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं आरोग्यकेंद्रात नैराश्याच्या रुग्णांना समुपदेशन देऊ शकतात हे गोव्यातच केलेल्या अभ्यासांतून दाखवलं. पर्यावरणाच्या कामात कागद वाचणारं माणूस सोन्यासारखं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, त्यामागे गोवा फाउंडेशनसारख्या संस्थेची वर्षानुवर्षांची कागदोपत्री लढाई होती. घोषणा देणारे पुष्कळ असतात, पण सातशे पानांतून नेमकी तारीख शोधून काढणारे बोटांवर मोजण्याइतके.

तरी पदवी हवीच असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा एमएसडब्ल्यू नोकरी सांभाळून करता येतो. दोन वर्षांचा आहे, क्षेत्रकार्य सक्तीचं. त्यासाठी आत्ताच नोकरी सोडू नका. ३२ वर्षांखालच्यांसाठी एसबीआय यूथ फॉर इंडियासारखी १३ महिन्यांची फेलोशिपही आहे, पण ती बहुधा गोव्याबाहेरच्या खेड्यात नेते. घर सोडायची तयारी असेल तरच अर्ज करा.

आता पगाराचं. एका लहान संस्थेला वर्षाला १२ लाखांचं अनुदान मिळालं असं धरा. गावात फिरणारे दोन कार्यकर्ते, प्रत्येकी १८ हजार: ४ लाख ३२ हजार. समन्वयक ३५ हजारांवर: ४ लाख २० हजार. प्रवास महिन्याला ८ हजार: ९६ हजार. प्रशिक्षण आणि साहित्य दीड लाख. लेखापरीक्षण ३० हजार. झाले ११ लाख २८ हजार. राहिले ७२ हजार, म्हणजे महिन्याला सहा. त्यात जागेचं भाडं, वीज, फोन, इंटरनेट आणि हिशेब लिहिणारा माणूस. देणगीदाराला 'थेट लाभार्थ्यांवर' खर्च हवा असतो, कार्यालयावर नको. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायच्या सामाजिक खर्चाच्या, नियमांत तर कंपनीने स्वतःच्या प्रशासनावर करायच्या खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि बऱ्याच कंपन्या तोच नियम संस्थेलाही लावून मोकळ्या होतात. तुमच्या पगारासाठी जागा हवी असेल तर ती या तक्त्यात कोणीतरी आधी लिहिलेली असावी लागते. नंतर घासाघीस करून ती निघत नाही.

म्हणून मुलाखतीत हे विचारा, संकोच नको: माझं पद कोणत्या अनुदानावर आहे आणि ते कोणत्या महिन्यात संपतं? अनुदानाचे हप्ते किती आणि शेवटचा कशावर अडतो? गेल्या वर्षभरात पगार किती वेळा उशिरा झाला? नेमणूकपत्र मिळेल की फक्त करार? भविष्य निर्वाह निधी आहे का? सांगितलेला पगार म्हणजे कापाकापीआधीचा की हातात येणारा? चांगली संस्था खरी उत्तरं देते, मग ती गैरसोयीची का असेनात. 'आपण एक कुटुंब आहोत' असं उत्तर आलं तर लेखी मागा.

नोकरी सोडण्याआधी तीन महिने शनिवारी एका संस्थेत जाऊन बसा आणि एकच काम पुरं करून द्या. उदाहरणार्थ, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अनुदानाच्या खर्चाचं वेगळं खातं (कॉस्ट सेंटर) उघडून मागच्या वर्षाच्या नोंदी लावून देणं. अनेक लहान संस्थांत सगळे खर्च एकाच ढिगात असतात. मग वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) बनवताना कोणता टेम्पो कोणत्या प्रकल्पाचा हे कोणालाच सांगता येत नाही, आणि शेवटचा हप्ता तिथेच अडकतो. तुम्हाला त्या खोलीत, त्या माणसांत करमतं का, तेही तोवर कळेल.

भाषा: पणजी-पर्वरीच्या कार्यालयात इंग्रजी चालून जातं. सत्तरी, डिचोली, पेडण्यात मराठी आणि कोकणी दोन्ही कामाला येतात. सासष्टी, केपे, काणकोणात कोकणीशिवाय बैठक पुढे सरकत नाही.

संस्था पगाराऐवजी 'कन्सल्टंट' म्हणून महिना ५० हजार देते. काय फरक पडतो? (डिचोली)

फरक मोठा आहे, आणि गोव्यात जास्तच. पगार नसल्यामुळे भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यांतलं काहीच नाही. फीवर १० टक्के कर आधीच कापला जातो. बाकी राहिलेला कर वर्षाला १० हजारांच्या वर असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला आगाऊ भरायचा. ५० हजारांची फी म्हणजे साधारण ४० हजारांचा पगार, असं समजून तुलना करा.

आता गोव्याची बाब. इथल्या नागरी कायद्याखाली लग्न झालेल्या आणि लग्नाआधी वेगळा करार न केलेल्या जोडप्याची मिळकत सामाईक असते. म्हणून जुन्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ नुसार पगार ज्याचा त्याच्या नावावर राहतो, पण पगाराव्यतिरिक्त उत्पन्न नवराबायकोत निम्मं निम्मं धरतात. व्यवसायाची फी यात येते. तुमची वर्षाची फी ६ लाख आणि खर्च १ लाख असेल तर अडीच लाख तुमच्या विवरणपत्रात, अडीच लाख जोडीदाराच्या. कापलेल्या कराचं श्रेयही तसंच विभागायचं. जोडीदाराला दुसरं उत्पन्न नसेल तर यात फायदाच आहे. जोडीदार चांगल्या पगारावर असेल तर मात्र तुमच्या फीचा अर्धा भाग त्यांच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतो.

चूक इथे होते: गोव्याबाहेरचा करसल्लागार किंवा ऑनलाइन सेवा हे विचारतच नाही, 'सहज' हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म भरून मोकळी होते, आणि कापलेला कर दोघांच्या नोंदींशी जुळत नाही म्हणून नोटीस येते. ५अ लागू असणाऱ्यांना सहज फॉर्म चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला आहे आणि कलमांचे व अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. या पानावर जुने क्रमांक ओळखीसाठी दिले आहेत, अर्ज भरताना नवे पाहून घ्या.

तिघे मित्र मिळून डिचोलीतल्या खाणपट्ट्यातल्या तरुणांसाठी संस्था काढतोय. ट्रस्ट, सोसायटी की सेक्शन ८ (ना-नफा कंपनी)? सीएसआर कधी मिळेल? (साखळी)

आधी आमचं मत, मग कायदा. पहिलं वर्ष संस्था काढूच नका. काम सुरू करा. चालू असलेल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छताखाली, तिच्याशी लेखी करार करून, वीसपंचवीस तरुणांची एक तुकडी चालवून पाहा. वाहनदुरुस्ती, वायरिंग, काजूप्रक्रिया, जे ठरवलं असेल ते. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकावे लागलेल्या घरांना आणखी एका अर्धवट योजनेची गरज नाही. आणि तिघांपैकी एकाचं मन सहा महिन्यांत उडालं तर नोंदणी रद्द करण्यापेक्षा करार संपवणं सोपं.

तरी काढायचीच असेल तर: ट्रस्टला कमीत कमी दोन विश्वस्त पुरतात, विश्वस्तपत्र उपनिबंधकाकडे नोंदवायचं. महाराष्ट्रातल्या ओळखीच्यांनी धर्मादाय आयुक्तांबद्दल सांगितलं असेल. तो महाराष्ट्राचा कायदा, गोव्याला लागू नाही, तेव्हा त्यांचा मसुदा जसाच्या तसा उतरवू नका. सोसायटीला १८६० च्या कायद्याने सात जण लागतात. तुम्ही तिघे आहात, म्हणून चार नावं नात्यातली घालाल. तिथेच पुढची भांडणं पेरली जातात, कारण सोसायटीत मतदान होतं आणि न येणाऱ्या मेव्हण्यालाही मत असतं. दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. ती चुकली की कार्यकारिणी कोणती खरी यावर बँक खातं गोठवते. सेक्शन ८ कंपनीला दोन संचालक पुरतात, नोंदणी ऑनलाइन होते आणि कंपनी निबंधकांचं कार्यालय पणजीत पाटोवरच आहे. कंपन्यांना ती ओळखीची वाटते. पण एक रुपयाचा व्यवहार नसला तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि दोन विवरणपत्रं लागतात, आणि उशीर झाला तर प्रत्येक विवरणपत्राला दिवसाला १०० रुपये दंड. वर्षभर विसरलात तर ७३ हजार. दोनतीन निष्ठावान माणसं आणि एक वक्तशीर सीए असेल तर सेक्शन ८ घ्या. सीए वक्तशीर नसेल तर ट्रस्ट बरा.

नोंदणीनंतर पॅन, बँक खातं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, मग प्राप्तिकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. सगळ्यात जास्त संस्था इथे घसरतात. 'तीन वर्षं आहेत' म्हणून त्या निवांत बसतात. नियम वेगळा आहे: तात्पुरती मुदत संपायच्या सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, यांतलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करायचा. तुम्ही जूनमध्ये वर्ग सुरू केले तर घड्याळ जूनपासून चालू झालं. नियमित नोंदणी पाच वर्षांची असते. ज्यांचं वार्षिक उत्पन्न ५ कोटींच्या आत आहे अशा संस्थांना १२एबी दहा वर्षांची मिळू शकते.

८०जी मिळालं म्हणून देणग्यांचा पूर येत नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि २ हजारांच्या वरची रोख देणगी कोणालाच वजावटीला चालत नाही. देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याला द्यायची, त्यासाठी पावतीवर पॅन लिहून घ्या. नंतर पॅन गोळा करत फिरणं फार जिवावर येतं.

सीएसआर: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक अट पुरी करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. पण ती पैसे देते ते १२एबी आणि ८०जी असलेल्या, सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) झालेल्या आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव असलेल्या संस्थेला. तुमच्या अर्जाला तीन वर्षं तरी वजन नाही. परदेशी निधीच्या नोंदणीलाही तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाखांचा खर्च लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही आणि ते पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. खाणपट्ट्यातल्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, त्याचे प्रस्ताव जिल्हा पातळीवर जातात. मागा जरूर, पण पहिल्या वर्षाचा हिशेब त्यावर बांधू नका.

म्हणजे पहिली तीन वर्षं ओळखीच्यांच्या लहान देणग्यांवर काढायची आहेत. तीनशे माणसं महिन्याला ५०० देणारी मिळाली तर वर्षाला १८ लाख होतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिले पन्नास मिळतात, पुढच्या माणसासाठी दर आठवड्याला कोणीतरी फोन करत बसावं लागतं. तिघांपैकी तो कोण, हे नावाआधी ठरवा.

राष्ट्रीयीकृत बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पगार नको, उपयोग हवा. (वास्को)

खजिनदार व्हा. अध्यक्षपद मागू नका. तिमाहीला एकदा बँक जुळवणी, अनुदानाप्रमाणे खर्चाचा तक्ता आणि कराची विवरणपत्रं वेळेत गेली का, एवढं पाहणारा माणूस मिळाला तर संस्थेचा अर्धा ताप उतरतो. सही करण्याआधी मूळ व्हाउचर बघण्याची बँकेतली सवय सोडू नका, कोणी 'एवढं काय' म्हणालं तरी. आणि विश्वस्त असताना आपल्याच नातेवाइकाच्या दुकानातून खरेदी किंवा त्याला कंत्राट टाळा. दर बाजारभावाहून जास्त निघाला तर संस्थेची करसवलत जाऊ शकते.

पुढच्या महिन्यात रुजू होतोय. पहिल्या सहा महिन्यांत माणसं कुठे चुकतात? (पणजी)

वेळापत्रकात. कंपनीतून आलेला माणूस मार्च-एप्रिलमध्ये सकाळी अकराला महिलांची बैठक लावतो आणि तीन जणी येतात. सत्तरी-डिचोलीत फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम, बायामाणसं उजाडल्यापासून डोंगरावर असतात. जून-जुलैत शेतीची घाई. चवथीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ, शिगम्याचा आठवडा, गावची जत्रा, या दिवसांत सर्वेक्षण ठेवू नका. ग्रामसभा बहुधा रविवारी असते, त्या वेळेवर आपला कार्यक्रम लावणं म्हणजे पंचायतीशी उगाच वाकडं. वर्षाचा आराखडा करण्याआधी गावातल्या कार्यकर्तीला कॅलेंडर देऊन नको ते दिवस तिलाच खोडायला सांगा. शेवटची कदंब बस किती वाजता सुटते तेही तिलाच विचारा, नाहीतर चर्चा रंगात आली असताना अर्धी खोली उठते.

प्रश्नावलीत. बासष्ट प्रश्नांचा फॉर्म करू नका. पंधरा पुरेत. प्रत्येक प्रश्नापुढे 'या उत्तराने आपण काय वेगळं करू' ते लिहा, लिहिता आलं नाही तर प्रश्न काढा. कोबो टूलबॉक्ससारखं साधन फोनवर इंटरनेटविना चालतं, पण आधी दहा घरांत करून पाहा. 'महिन्याचं उत्पन्न किती' या प्रश्नाला बागायतीच्या घरात उत्तर येत नाही. तिथे काजूचे किती, नारळाचे किती, मुलाच्या पगाराचे किती, असं विचारावं लागतं.

पैशांत. तीन कोटेशन मागायची सवय चांगली, पण वाळपईच्या आठवडी बाजारात छापील बिल मिळत नाही. छापील व्हाउचर बरोबर ठेवा, त्यावर रक्कम, कारण, घेणाऱ्याची सही आणि गाव. एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख देऊ नका, तो खर्च संस्थेच्या हिशेबात मान्य होत नाही. स्वयंपाकाचं सामान, मंडप, टेम्पो असे तीन खर्च एकाच ओळखीच्या माणसाकडून निघाले तर हा नियम नकळत मोडतो.

मुलांच्या कामात. तुमच्या संस्थेत मुलं येत असतील तर रुजू व्हायच्या आधी पोलिस पडताळणी होईल, ती होत नसेल तर तुम्हीच मागा. गोव्याचा २००३ चा बाल कायदा वाचून ठेवा. पोक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. 'आधी समितीत चर्चा करू', 'आईबापांना विचारू' हे उशिराचं कारण चालत नाही आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय अहवालात घालू नका, देणगीदाराने कितीही मागितले तरी.

आणि भाषेत. 'लाभार्थी', 'डिलिव्हरेबल', 'इम्पॅक्ट' हे शब्द अहवालापुरते ठेवा. पहिल्या महिन्यात व्यवस्था सुधारण्याच्या सूचना मनात आल्या तर वहीत लिहा, चौथ्या महिन्यात वही उघडा. त्यातल्या निम्म्या तोवर तुम्हीच खोडाल. उरलेल्यांपैकी एक निवडा, जिला पैसे लागत नाहीत अशी, आणि ती आधी करून दाखवा. प्रवासखर्चाचे पैसे कार्यकर्त्यांना दीड महिन्याने मिळत असतील तर ते दर शुक्रवारी मिळतील अशी सोय करणं हे बहुतेक संस्थांत पहिलं काम ठरतं.